राजूरचं मशीन सकाळी उठत नाही

१० नोव्हेंबर, सोमवार

बेअरिंगवाल्याने जानेवारीत दिलेली डायरी आज कपाटावर सापडली. चांगली आहे, कापडी बांधणीची, प्रत्येक पानाखाली बेअरिंगचं चित्र. दहा महिने कोरी गेली. वस्तू वाया गेली की मला चैन पडत नाही, म्हणून उरलेली पानं लिहून काढायची ठरवली आहेत. शिवाय कारखान्यात सध्या जे चाललंय ते मला नीटसं कळत नाही. लिहून ठेवलं तर कोण काय म्हणालं ते तरी नंतर सापडेल.

मी मच्छिंद्र लगड, मूळ काष्टीचा. जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या दुकानापासून सुरुवात केली, आता सुप्याला एमआयडीसीत स्वतःची शेड आहे. मोटार न उघडता नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगायचो. लोक मुद्दाम बघायला यायचे. आता आम्ही दूध संकलन केंद्रांची मशीनं करतो. शेतकऱ्याने दूध ओतलं की वजन आणि फॅट निघून पावती हातात.

मशीनमधली जुनी चिप बनवणाऱ्यांनी बंद केली. नवी घेतली, आर्म प्रकारची, स्वस्त आणि तेज. मशीनच्या आत लिनक्स नावाचा एक कारभारी असतो. तो फुकट मिळतो, जगभरची माणसं मिळून लिहितात, आणि त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. नवी चिप आली की ह्या कारभाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर मशीन म्हणजे नुसता डबा. चिपवाल्यांनी स्वतःचा एक शिकवलेला कारभारी दिला होता, पण आमची मशीनं घेणारा दूध संघ म्हणतो तो चालणार नाही. मागे एकाची अशीच मशीनं घेतली आणि दोन वर्षांत त्यांना कुणी वाली उरला नाही. ओळख मूळ कर्नलमध्येच गेली पाहिजे, म्हणजे पुढे वर्षानुवर्षं सुधारणा मिळत राहतील. मुदत डिसेंबरअखेर, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला.

तसं झालं तर शेडमधली चौदा माणसं जानेवारीत काय करतील मला माहीत नाही. त्यांनी अजून विचारलेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ओळख करून द्यायचं काम शुभांगी साळवेकडे आहे. नगरची मुलगी, इथे तीन वर्षं झाली. कमी बोलते. ती जे लिहिते त्याला पॅच म्हणतात. पॅच ईमेलच्या एका यादीवर टाकायचा, तिथे सगळं जग तो वाचू शकतं, आणि नॉर्वेतला हेनिंग नावाचा माणूस तो घ्यायचा की नाही ते ठरवतो.

आज हेनिंगने तिसऱ्यांदा परत पाठवला. कारण विचारलं तर म्हणाली, "सर, एका ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली होती."

"मोकळी जागा म्हणजे?"

"काही नाही. नुसती जागा."

"दिसते का ती?"

"दिसत नाही."

न दिसणाऱ्या जागेवरून फाईल परत. मी तीस वर्षं सरकारी कचेऱ्यांत जातो आहे, एवढा वरचा माणूस पाहिला नाही. हेनिंगरावांचं काहीतरी अडलेलं असणार. शुभांगीला त्यांच्या घरचा पत्ता विचारला, खव्याचे पेढे पाठवावेत म्हणून. म्हणाली, "सर, प्लीज." ह्याचा अर्थ हो की नाही ते कळलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नवी मशीनं चाचणीसाठी तीसेक केंद्रांवर बसवली आहेत. एक राजूरला, बनुमावशीकडे. सीमाची, म्हणजे माझ्या बायकोची, ही सख्खी मावशी. नवरा गेल्यापासून केंद्र एकटी चालवते. तिचा फोन आला.

"जावईबापू, तुमचं मशीन सकाळचं उठत न्हाई."

"उठत नाही म्हणजे काय, मावशी?"

"म्हंजे दिवा लागतो, आवाज करतं आनि गप ऱ्हातं. वजनाच्या जागी मुंग्यावानी कायबाय येतं. दहा-साडेधाला ऊन आलं की मंग चांगलं चालतं. पर तवर म्हशी थांबत्यात व्हय?"

मी फोनवरच मशीन बंद-चालू करायला लावलं. दुपार होती, मशीन नीट चालू झालं. मावशीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मी सकाळचं म्हनले." तिचा स्वभाव पहिल्यापासून असाच आहे. आमच्या लग्नातसुद्धा पंगतीत मिठाचा हिशोब तिनेच काढला होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

राजूरला स्टॅबिलायझर पाठवला. डोंगराकडे व्होल्टेज कमी असतं. पंकज, आमचा विक्रीचा माणूस, स्वतः जाऊन बसवून आला.

सकाळी सहाला मावशीचा फोन. "तुमचा डबा बसवला. आता दोन डबे उठत न्हाईत."

"मग काल सकाळी दूध कसं घेतलं?"

"रातीच मशीन गोधडीत गुंडाळून चुलीपाशी ठिवलं. चाललं की सकाळी."

मशीन गोधडीत गुंडाळू नका, गॅरंटी जाते, असं मी सांगितलं. मग फोन चालू ठेवून मशीन सुरू करायला लावलं. आपलं मशीन चालू होताना एक टिंग देतं. तो टिंग मी स्वतः पसंत केलेला आहे, बरोबर काळी दोनचा सा. काष्टीच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवायचो, त्यामुळे सूर माझ्या कानात पक्का आहे. मावशीच्या फोनमधून तो खालच्या मध्यमासारखा ऐकू आला. फोन अगदीच टाकाऊ आहे. नवा घ्या म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "बिघडलंय मशीन, आन् बदलू फोन?"

शुभांगी जेवायच्या सुट्टीत येऊन म्हणाली, "सर, राजूरला काय होतंय? मला तिथे जाऊन बघू द्या." तिला म्हटलं, तू पॅचचं बघ, घरचं मी बघतो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चौथी आवृत्ती गेली. मोकळ्या जागा सगळ्या काढल्या आहेत. हेनिंगरावांचं लगेच उत्तर आलं. लिखाण ठीक वाटतं म्हणाले. मग विचारलं, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी हे खऱ्या मशीनवर चालवून पाहिलं आहे का? असेल तर त्याने यादीवर तसं लिहावं. त्याला टेस्टेड-बाय म्हणतात.

शुभांगी म्हणाली, "आयआयटीत एकजण ओळखीचे आहेत, त्यांना बोर्ड पाठवते. पंधरा दिवस लागतील."

ती गेल्यावर पंकज म्हणाला, "शेठ, एक माणूस कशाला? तीस केंद्रं हायेत आपल्याकडं."

मला आधी का सुचलं नाही कोण जाणे. काष्टीत विजेची डीपी बसत नव्हती तेव्हा आम्ही काय केलं? साहेब चार महिने उद्या या म्हणत होता. शेवटी ट्रकभर माणसं आणि सह्यांचं निवेदन घेऊन गेलो. आठवड्यात डीपी. एकट्या मुलीने जाऊन उभं राहायचं आणि साहेबाने चुका काढत बसायचं, ह्यात कधी कुणाचं काम झालं आहे? मागे माणसं दिसली पाहिजेत.

शुभांगीला सांगायचं नाही ठरवलं. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पंकजने मजकूर तयार करून सगळ्या केंद्रचालकांना व्हॉट्सअपवर टाकला. इंग्रजीत आहे. मी हे मशीन तपासले, फार छान चालते, शुभांगी मॅडम यांचे काम उत्कृष्ट आहे, तरी कृपया पॅच घ्यावा ही नम्र विनंती. खाली ज्याने त्याने आपलं नाव टाकून यादीवर आणि हेनिंगरावांना ईमेल करायचं. सगळ्यात वर माझं नाव.

संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळ्यांचं गेलं. श्रीगोंद्याच्या कल्याणने उत्साहात गुलाबाच्या फुलाचं चित्रही जोडलं. त्याचं केंद्र नाही, खताचं दुकान आहे, पण माणूस आपला आहे.

फक्त बनुमावशी राहिली. मी स्वतः फोन केला.

"मावशी, एवढं पाठवा की. नुसतं बोट दाबायचं."

"काय लिवलंय त्यात?"

"मशीन छान चालतं म्हणून."

"चालतंय व्हय?"

"अहो, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मंग पोरीचं चांगलं लिवते. मशीनचं खोटं कशापायी लिवू? जावईबापू, मी फॅट कमी आली तर सख्ख्या दिराला कमीच सांगते."

काय करायचं ते करा म्हटलं आणि ठेवला. एका नावाने काही बिघडत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

शुभांगीला धक्का बसला आहे.

सकाळी ती केबिनमध्ये आली आणि लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून उभी राहिली. मी पेढे मागवून ठेवले होते. हेनिंगरावांचं उत्तर तिने वाचून दाखवलं. ते असं: "शुभांगी, मला एकाच मजकुराची तीस पत्रं आली आहेत. त्यातल्या एकात गुलाब आहे. बहुतेक यादीने नाकारली, पण मला स्वतःला सगळी मिळाली. टेस्टेड-बाय म्हणजे त्या माणसाने स्वतः चालवून पाहिल्याचा शब्द असतो. कृपया हे थांबव. तुझ्याकडून येणाऱ्या चाचण्यांवर मी आता विश्वास ठेवू शकत नाही. पॅच बाजूला ठेवतो आहे."

सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं आहे, असंही ती म्हणाली.

मी म्हणालो, "फोन नंबर आहे का त्यांचा? मी बोलतो."

"सर," ती म्हणाली, "वरचं नाव तुमचं आहे. तुम्ही चालवून पाहिलं होतंत?"

म्हटलं, कारखाना माझा आहे. मी वेगळं काय चालवून बघायचं?

पेढे तसेच राहिले. पंकजने दोन खाल्ले.

२ डिसेंबर, मंगळवार

शुभांगीने राजीनामा दिला. खाली तारीख टाकलेली नाही. म्हणाली, हे निस्तरून मग जाईन.

पगार वाढवतो म्हणालो. पगाराचा प्रश्न नाही म्हणाली. नगरहून रोज एसटीने येतेस, कंपनीची स्कूटर घे म्हणालो. तेही नाही. मग अडचण काय ते तरी सांग म्हटलं.

ती म्हणाली, "सर, त्या यादीवर मला कुणी पाहिलेलं नाही. मी कुठली, कुणाची, कशी आत आले, कुणी विचारत नाही. दोन वर्षं तिथे माझं फक्त काम वाचलं जातंय. चूक असली तर चूक म्हणतात. मला ते फार आवडायचं."

चूक म्हटलेलं आवडणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. आमच्या चौदांत तर एकही नाही.

मी म्हणालो, "पण नाव तर पूर्ण लिहितेस ना तिथे, आडनावासकट?"

"लिहिते, सर. तिथे त्याचा काही अर्थ निघत नाही."

"मग लिहायचं कशाला?"

तिने राजीनाम्याचा कागद माझ्याकडे सरकवला आणि गेली. राजीनामा ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. तारीख नसल्यामुळे तो अजून मिळालेला नाही, असं मी धरतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

विचित्र दिवस.

हेनिंगरावांचं नवं पत्र आलं, आणि तेही बनुमावशीला. मावशीने आमचा मजकूर पाठवला नव्हता, स्वतःचा पाठवला होता. फोनमध्ये बोलली, फोनने लिहिलं, हिने धाडलं. शुभांगीने तो मला वाचून दाखवला:

"शुभांगी पोरगी चांगली हाय. मशीन सकाळी चालू होत न्हाई. गोधडीत ठेवलं की होतं. जावई म्हनतो खोटं लिव, मी लिवनार न्हाई. बनुबाई, राजूर."

म्हणजे हे आता सगळ्या जगाला दिसतं. जावई म्हणजे मी.

हेनिंगरावांनी ते भाषांतर करून वाचलं आणि विचारलं आहे: "मशीन चालत नाही असं सांगणारं हे एकच पत्र आहे, म्हणून विचारतो. एक शब्द कळला नाही. गोधडी हे कुठल्या प्रकारचं हार्डवेअर आहे?"

शुभांगी हसली. सोमवारपासून पहिल्यांदा. मग एकदम गंभीर झाली. "सर, गोधडीत चालतं आणि बाहेर चालत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, मावशीचं फार मनावर घेऊ नकोस. तिच्याकडची एक वस्तू धड नाही. फोनसुद्धा असला भिकार की त्यातून आपला टिंग बेसूर ऐकू येतो.

"बेसूर म्हणजे कसा?"

"खाली. सा च्या जागी खालचा मध्यम."

"तिचा आवाज कसा येत होता? मावशींचा?"

विचार केला. मावशीचा आवाज नेहमीसारखाच होता, कानात खिळा मारल्यासारखा.

शुभांगीने तिच्या फोनवर काहीतरी उघडलं आणि म्हणाली, "सर, दोन्ही सूर शिट्टीवर वाजवून दाखवाल?"

मी मालक आहे. केबिनला काचा आहेत. बाहेर सगळे बसलेले. तरी वाजवले. आधी सा, मग खालचा म. तिने पुन्हा वाजवायला लावले. बाहेर मशीनं जोडायचं काम थांबलं. बजरंग, आमचा फोरमन, खुर्ची वळवून बसला.

शुभांगीने आकडे कागदावर मांडले. "दोन तृतीयांश," ती म्हणाली. "सर, बरोबर दोन तृतीयांश!"

कशाचे, ते मला कळलं नाही. पण सूर बरोबर लागला होता एवढं समजलं. वीस वर्षांत रियाज नाही.

८ डिसेंबर, सोमवार

शुभांगीने जे सांगितलं ते समजलं तेवढं लिहितो. चिपच्या पोटात एक जोरात चालणारं घड्याळ असतं आणि एक साधं, सावकाश. मशीन सुरू करताना कारभारी जोरात चालणारं घड्याळ चालू करतो, ते स्थिर व्हायची थोडी वाट बघतो, आणि झालं नाही तर साध्यावर काम भागवतो. साधं घड्याळ जोरातल्याच्या दोन तृतीयांश वेगाने चालतं. म्हणून टिंग खाली येतो, आणि वजनाच्या आकड्यांचे मुंगळे होतात. वाट किती बघायची तो आकडा चिपवाल्यांच्या कागदातून घेतला होता. थंडीत तो पुरत नाही.

ह्या सगळ्याचा राजूरच्या थंडीशी संबंध आहे, असं तिचं म्हणणं.

आज खात्री केली. हायवेवरच्या हॉटेलात कुल्फीचा फ्रीजर आहे. मशीन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात ठेवलं. हॉटेलवाला काकासाहेब म्हणाला, "शेठ, ह्याची कुल्फी होनार न्हाई." चहा होईपर्यंत थांबलो, मग वायर लावली. टिंग आला तो खालचा मध्यम. वजनाच्या जागी मुंग्या.

शुभांगी तिथेच टेबलावर बसून लिहायला लागली. मी काकासाहेबाला म्हणालो, बघितलंस, फोन खराब नव्हता. तो म्हणाला, कुठला फोन? गिऱ्हाइकांची पोरं कुल्फी मागत होती, त्यांना थोडं थांबावं लागलं.

११ डिसेंबर, गुरुवार

ज्याने चूक कळवली त्याचं नाव पॅचखाली लिहायची पद्धत आहे. त्याला रिपोर्टेड-बाय म्हणतात. ते कर्नल जिथे जिथे जाईल त्या सगळ्याच्या इतिहासात राहतं, पुसत नाही. शुभांगी म्हणाली, परवानगी घ्यावी लागेल. मावशीला फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला.

"माझं नाव कशाला गं? कोर्टाबिर्टाचं काय हाय का?"

"नाही मावशी. चूक तुम्ही सांगितली म्हणून. कायम राहील."

"किती कायम?"

"पुसता येत नाही."

मागे म्हशीची साखळी वाजत होती. मावशी म्हणाली, "सातबाऱ्यावर लागलं न्हाई माझं नाव. आनि तू तिथं लावती व्हय?"

"लावते."

"बनुबाई वाकचौरे लिव. नुसतं बनुबाई नको."

मी मध्ये म्हणालो, सूर मी ओळखला, त्याचं काही असतं का? शुभांगी म्हणाली बघते. मावशी म्हणाली, "जावईबापू, तुमचं नाव लागलंय की आधीच. गुलाबासंगं."

१५ डिसेंबर, सोमवार

पाचवी आवृत्ती गेली, घड्याळाची वाट बघायचा आकडा वाढवून. हेनिंगरावांचं उत्तर एका ओळीचं: खऱ्या जागी, खऱ्या थंडीत, कुणीतरी चालवून पाहिलं तर विचार करतो.

शुभांगी जायला तयार होती. पण तिची स्वतःची चाचणी तिच्याच पॅचवर चालत नाही. पंकज म्हणाला, मी जातो. त्याला सकाळी सातच्या आत उठलेलं कुणी पाहिलेलं नाही.

मी म्हणालो, मी जाईन. मावशीकडे बाजरीची भाकरी चांगली मिळते आणि बरेच दिवस जाणं झालेलं नाही. मावशीच्या मशीनमध्ये घालायला शुभांगीने पाचवी आवृत्ती भरलेलं कार्ड दिलं. थर्मामीटरही आणून दिला, तापाचा नाही, खोलीचा. म्हणाली, "सर, मशीन रात्रभर बंद आणि उघड्यावर पाहिजे. गोधडी नाही. आणि एका सकाळीने काही सिद्ध होत नाही."

"किती सकाळी लागतील?"

"तुम्हाला खात्री वाटेपर्यंत."

असला उलटा हिशोब मी ऐकलेला नाही.

१७ डिसेंबर, बुधवार. राजूर

दात वाजतात त्यामुळे अक्षर असं येतंय.

पहाटे मावशीने उठवलं. केंद्राच्या ओट्यावर मशीन रात्रभर उघडं होतं, वर दव. थर्मामीटर सात दाखवत होता. बटण दाबलं. टिंग. काळी दोन, सा. वजनाचे आकडे स्वच्छ.

मी म्हणालो, "मावशी, चाललं."

"एक डाव चाललं," मावशी म्हणाली. तिचं आणि शुभांगीचं फोनवर बोलणं होतं की काय कळत नाही.

परत निघणार होतो. थांबलो.

१९ डिसेंबर, शुक्रवार. राजूर

दोन्ही सकाळी चालू झालं. आज पाच अंश. दूध घालायला येणारी माणसं मला बघून म्हणतात, "पाव्हनं अजून हायेत?" मावशी म्हणते, "मशीनला राखन बसलेत." काल म्हणाली, "ऱ्हाताय तर शेन बी काढा." मला वाटलं गंमत करते. फावडं हातात दिलं.

सीमाचा फोन आला, मावशी आजारी आहे का म्हणून. मी म्हटलं, नाही, मशीन बघतोय. "चार दिवस एक मशीन?" म्हणाली. मी काय सांगणार? लक्ष देऊन ऐकत बसलं की टिंगच्या आधी एक बारीक टिक् येते. ती इतक्या वर्षांत मला माहीत नव्हती. आमच्याच शेडमध्ये झालेलं मशीन.

२२ डिसेंबर, सोमवार

काल परतलो. टेस्टेड-बाय मीच लिहिलं. शुभांगीने फक्त इंग्रजी केलं. मराठीत असं होतं:

"मी मच्छिंद्र लगड. राजूर येथे मशीन रात्रभर उघड्यावर ठेवून पहाटे स्वतः चालू केले. तापमान पाच ते आठ. चार सकाळी चालू केले, चारही वेळा बरोबर सुरू झाले, सूर बरोबर होता. पाचव्या सकाळी मला उठायला उशीर झाला. बनुबाई वाकचौरे यांनी चालू केले. त्या म्हणतात चालले. पण मी ऐकले नाही, म्हणून ती धरलेली नाही."

पंकज वाचून म्हणाला, "शेठ, पाच लिहा की. कोन बघतंय?"

मी म्हटलं, चारच आहेत.

शुभांगी टाइप करता करता थांबली. मग पुन्हा करू लागली.

२६ डिसेंबर, शुक्रवार

हेनिंगरावांचं उत्तर आलं. तीन ओळी. "घेतला. धन्यवाद. गोधडीचा फोटो मिळाला, आभारी आहे."

बस्स, एवढंच. एवढ्या मोठ्या कामावर आमच्या संघाचे चेअरमन तासभर बोलले असते.

पॅचखालची नावं शुभांगीने मोठी करून दाखवली. रिपोर्टेड-बाय बनुबाई वाकचौरे. टेस्टेड-बाय मच्छिंद्र लगड. सही शुभांगी साळवेची, आणि तिच्याखाली हेनिंगची. वरच्या मजकुरात एक वाक्य आहे, घड्याळाचा दोष सुरुवातीच्या सुरातला फरक ऐकून लक्षात आला, असं. कुणी ऐकला ते लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, "सर, ते वाक्य मी तुमच्यासाठीच लिहिलं." मग ठीक आहे.

मावशीला फोन केला. म्हणाली, "बरं झालं. दूध घालायला लोक खोळंबलेत, ठिवा."

३१ डिसेंबर, बुधवार

संघाच्या अधिकाऱ्यांनी काल कर्नलमध्ये शोधून स्वतः नावं पाहिली. अट पूर्ण झाली म्हणाले. ऑर्डर आपल्याकडे. जाताना एकाने विचारलं, ह्या वाकचौरे मॅडम कुठल्या विद्यापीठात असतात? मी राजूर सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

पंकजला प्रवेशद्वारावर फ्लेक्स लावायचा होता, हेनिंगरावांच्या फोटोसकट, हार्दिक अभिनंदन. शुभांगी माझ्याकडे बघत होती. नको म्हटलं.

डायरीचं शेवटचं पान आहे. बेअरिंगवाल्याने नवी पाठवली आहे, ह्या वर्षी कापडी बांधणी नाही.

ड्रॉवर आवरताना राजीनामा सापडला. शुभांगीला बोलावून म्हणालो, "ह्यावर तारीख टाकायची राहिली आहे."

तिच्या हातात वजनकाट्याचा नवा बोर्ड होता. त्याची ओळख अजून करून द्यायची आहे. तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू द्या, सर," म्हणाली.

सूर बरोबर होता.